वारीचा नेम आणि वाटेतली कारणे

वारकरी संप्रदायात निष्ठा मुख्यतः रोज करायच्या कामांत वाटून दिलेली असते. तुळशीची माळ गळ्यात घालून घेताना माणूस मोजक्याच गोष्टी कबूल करतो: मांस आणि दारू वर्ज्य, पंधरवड्याची एकादशी, रोजचा हरिपाठ आणि पंढरीची वारी. यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर कोणतीच फार अवघड नाही. अवघड आहे ते हे सगळे तीस-चाळीस वर्षे चालवणे. एवढ्या काळात घरात लग्ने होतात, दुखणी येतात, पाऊस दगा देतो, मुले शहरात जातात. ‘या वर्षी राहू दे’ म्हणायला दर वर्षी एखादे तरी रास्त कारण मिळतेच.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हा नेम दोन्ही बाजूंनी पाहायला मिळतो. इथल्या गावांतून माणसे वारीला जातात आणि इथल्याच रस्त्याने तुकाराम महाराजांची पालखी पुढे सरकते. बारामतीहून इंदापूरकडे निघाले की पिंपळी, काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी गावे लागतात. ज्येष्ठ अमावास्येच्या मागेपुढे हा रस्ता वाहनांचा राहत नाही. पहाटेपासून दुपारपर्यंत पताका, टाळ आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका यांची रांग पिंपळीवरून काटेवाडीकडे जात राहते.

या सोहळ्याची सुरुवात तुकाराम महाराजांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये केली. देहूहून तुकोबांच्या पादुका घ्यायच्या, आळंदीला ज्ञानोबांच्या पादुका पालखीत ठेवायच्या आणि दोन्ही बरोबर पंढरपूरला न्यायच्या, अशी मूळची रीत होती. १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वर महाराजांचा सोहळा स्वतंत्रपणे सुरू केला. आता तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघते आणि माउलींची अष्टमीला आळंदीहून. पुण्यानंतर वाटा वेगळ्या होतात. माउलींची पालखी सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण अशी जाते, तर तुकोबांची लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी असे मुक्काम करत बारामतीत येते. देहू ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. निघायची तिथी ठरलेली, पोचायची तिथी ठरलेली आणि मधले मुक्कामही ठरलेले. नेम टिकण्याचे पहिले कारण इथेच सापडते. तारीख माणसाच्या सवडीवर सोडली असती तर बहुतेकांची वारी पाच-सहा वर्षांत बंद पडली असती.

ही तिथी शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत अडचणीच्या वेळी येते. बारामती तालुक्याचे शेतीच्या अंगाने दोन भाग पडतात. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला आणि त्याच्या भिजणीखालच्या गावांत ऊस उभा राहिला; पिंपळी, काटेवाडी, सणसर हा सारा पट्टा त्यातला. उत्तरेकडचा बराच भाग मात्र जिरायती राहिला. जिरायतीतल्या शेतकऱ्याचे सगळे वर्ष मृग आणि आर्द्रा या दोन नक्षत्रांवर लटकलेले असते. मृग वेळेवर बरसला तर बाजरीची पेरणी उरकून माणूस मोकळ्या मनाने निघतो. पाऊस लांबला तर बियाणे घरात पडून असते आणि मालक दिंडीत असतो. मग वाटेत कुठे ढग भरून आले की आसपासच्या चार जणांचे हात खिशातल्या फोनकडे जातात. ‘घराकडं पडला का?’ हा त्या दिवसांतला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असतो. बागायतदाराची अडचण वेगळी. उसाची बांधणी, खताची मात्रा आणि कालव्याच्या पाण्याची पाळी या गोष्टी थांबून राहत नाहीत. पाळी चुकली तर पुढची येईपर्यंत पीक ताणावर पडते.

नेमापासून दूर नेणारी गोष्ट वाईटच असते असा समज कीर्तनातल्या दृष्टान्तांमुळे पुष्कळदा होतो. वारकऱ्यांचा अनुभव तसा नाही. दारू सोडलेल्या माणसाला दारूचा मोह काही वर्षांनी फारसा उरत नाही. त्याला अडवते ते कर्तव्य: पेरणी, म्हाताऱ्या आईचे दुखणे, मुलीच्या सासरचा सांगावा, कारखान्यातली रजा. ही कारणे खोटी नसतात, म्हणूनच ती जास्त ओढतात. एखादा वारकरी वारीला गेला म्हणून त्याला बेजबाबदार म्हणणे सोपे आहे आणि गेला नाही म्हणून नेम मोडला म्हणणेही तितकेच सोपे आहे. पिढ्यान्‌पिढ्या वारी करणारी घरे या दोन्हींच्या मधली वाट काढत आली, आणि ती वाट मनोनिग्रहाइतकीच व्यवस्थेची आहे.

सावड ही त्या व्यवस्थेतली मुख्य गोष्ट. वारीला गेलेल्याची पेरणी भाऊबंद किंवा शेजारी करून टाकतात. परत आल्यावर तो त्यांच्या खुरपणीला, औतकाठीला जातो. पाण्याची पाळी कोण धरणार, जनावरांची धार कोण काढणार, हे निघण्याच्या महिनाभर आधी ठरलेले असते. बाईमाणसाला हे जास्त अवघड जाते. पुरुष घराबाहेर पडला तर त्याचे काम दुसरा पुरुष करतो. बाई बाहेर पडली तर स्वयंपाक, धुणी, लेकरे, म्हातारी माणसे या सगळ्यांची सोय तिला एकटीलाच लावावी लागते, तीही कोणाच्या कपाळाला आठी पडू न देता. वारीत बायकांची संख्या एवढी मोठी असते, तिच्यामागे हे न दिसणारे काम आहे. अनेकींना स्वतःच्या पायांनी वारी करायला सून घरात येईपर्यंत थांबावे लागते. तोवर त्या घरी राहून एकादशी आणि हरिपाठ चालवतात, आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या वारीचा भार उचलतात. तेही वारीतच धरले पाहिजे.

दिंडी ही या नेमाची कामाची जागा. बाहेरून पाहणाऱ्याला ती भक्तांची गर्दी वाटते. आत प्रत्येकाला जागा आणि काम नेमून दिलेले असते. पुढे पताकाधारी, त्यांच्यामागे टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये पखवाज वाजवणारा मृदंगी, मागे वीणेकरी आणि त्याच्यामागे तुळशी व पाण्याचे हंडे घेतलेल्या बायका. दिंड्यांनाही क्रमांक असतात, काही रथाच्या पुढे तर काही रथाच्या मागे, आणि तो क्रम वर्षानुवर्षे बदलत नाही. दिंडीत नाव लिहून भिशी, म्हणजे जेवणखाणाची वर्गणी, भरली की सामानाच्या ट्रकमध्ये पिशवी ठेवायला आणि तंबूत अंग टाकायला जागा मिळते. भिशी भरलेला माणूस सहसा माघार घेत नाही. पैसा हे त्याचे लहान कारण. आपल्या ओळीत एक टाळ कमी पडेल, हे मोठे.

वीणेकऱ्याचे काम यात सर्वांत कठोर आहे. वीणा गळ्यात असेपर्यंत तो बसत नाही, वीणा जमिनीवर टेकवत नाही आणि प्रपंचाचे बोलत नाही. चालत्या दिंडीत अभंग तोच धरतो. हीच रीत गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात दिसते. सात दिवस रात्रंदिवस वीणा उभी राहते, पहारे लावलेले असतात, आणि एकाच्या गळ्यातून निघालेली वीणा थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. रात्री दोनच्या पहाऱ्याला उठणारा माणूस दिवसा उसात राबलेला असतो. त्या वेळी मंडपात श्रोते नसतात, कीर्तनकार झोपलेला असतो, चारदोन टाळकरी डुलक्या देत असतात. वीणा धरणाऱ्याला फक्त एवढेच माहीत असते की पुढचा पहारेकरी येईपर्यंत ती खाली ठेवायची नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे असे पहारे केले त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट हमखास येते: पहिल्या अर्ध्या तासात मन शंभर ठिकाणी जाते, आणि ते परत आणायला हाताखालची तार आणि तोंडातले नाम एवढेच साधन असते. मन भटकले याची खंत करत बसायला वेळच नसतो, कारण पुढचा ठोका आलेला असतो. एकाग्रतेवर लिहिलेल्या पुष्कळ ग्रंथांपेक्षा हा अनुभव अधिक उपयोगाचा आहे.

दिंडीत भांडणे होत नाहीत असे नाही. जागेवरून, पाण्याच्या टँकरवरून, मानावरून तक्रारी होतात. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंच करतात आणि सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा होतो, हरवल्या-सापडल्याची माहिती सांगितली जाते आणि मग आरती होते. तक्रार दाबायची नाही, पण तिच्यासाठी चालणेही थांबवायचे नाही. दिवसाचे गाऱ्हाणे त्याच दिवशी मिटवायचे. इतका मोठा समाज दर वर्षी वाटेवर टिकून राहतो, त्यात या रिवाजाचा वाटा मोठा आहे.

बारामती ते सणसर ही चाल संपूर्ण वाटेच्या साधारण मध्यावर येते. देहूहून निघतानाचा उत्साह पुण्यापर्यंत पुरतो. पहिल्या तीनचार दिवसांत तळपायाला फोड येतात. सुईने दोरा ओवून ते फोडायचे, तेल लावायचे आणि सकाळी पुन्हा निघायचे. बारामती येईतो पाय निबर झालेले असतात, पण नवेपण ओसरलेले असते आणि पंढरपूर अजून दूर असते. कोणतेही लांबचे काम हातात घेतलेल्यांना हा मधला टप्पा ओळखीचा असेल. सुरुवातीचे बळ संपलेले, शेवट दिसत नाही, आणि घर एसटीने दोन-तीन तासांवर. बारामतीच्या स्थानकातून कोणीही त्या दिवशी घरी जाऊ शकतो, आणि काही जण जातातही. बाकीचे पहाटे काकड्याला उठतात. मग भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी आणि दुपारी हरिपाठ, असा भजनाचा क्रम ठरलेला असतो. आज काय म्हणायचे हा प्रश्नच उरलेला नसतो. थकलेल्या माणसाला ही मोठी मदत आहे, कारण थकवा आल्यावर पहिली जाते ती निवड करण्याची ताकद.

याच पट्ट्यात आदरातिथ्यही उतू जाते. पिंपळीसारख्या गावांत रस्त्याकडेला चहा, केळी, चिवडा, पाण्याची भांडी मांडलेली असतात. कोणी पाय चेपून देतो, कोणी फुकट दाढी करून देतो, कोणी चपला शिवतो, डॉक्टर गोळ्या आणि मलम घेऊन बसतात. स्वागताच्या कमानी असतात, छायाचित्रे काढणारे असतात, पुढाऱ्यांच्या भेटी असतात. वारकऱ्याचे लक्ष इथे खरोखर विखुरते. ओळ सोडून दोन पिशव्या घेतल्या की दिंडी पुढे निघून जाते आणि तिला गाठायला धावावे लागते. म्हणून अनेक दिंड्यांत जुनी माणसे नव्यांना सांगतात की चालत्या भजनात ओळ सोडू नये, विसाव्याला काय घ्यायचे ते घ्यावे. दानावर रोष नसतो. देणाऱ्याचा मान राखून घेणाऱ्याने आपली चाल सांभाळायची, एवढेच. मोबाइलने ही कसोटी वाढवली आहे. टाळ वाजवणाऱ्या दोन्ही हातांपैकी एक हात चित्रफितीसाठी वर गेला की त्या ओळीचा ठेका हलतो, आणि ते शेजाऱ्याला लगेच कळते.

काटेवाडीत पालखीसमोर परीट समाज धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि धनगर मेंढपाळ आपल्या मेंढ्यांचे रिंगण रथाभोवती घालतात. पुढे बेलवाडीला अश्वाचे गोल रिंगण होते. यजमान गावांचा नेम या प्रथांतून दिसतो, आणि तो चालणाऱ्यांच्या नेमापेक्षा सोपा नाही. वारकरी वर्षातून एकदा गावातून जातो. गावाला मात्र त्या एका सकाळसाठी वर्गणी जमवणे, रस्ता झाडणे, टँकर सांगणे, शाळा आणि देवळे रिकामी करून देणे, आणि पालखी गेल्यावर कचरा उचलणे हे सगळे करावे लागते. दुष्काळी वर्षात स्वतःच्या घरात पाणी विकतचे असताना वाटसरूला पाणी पाजणे हा नेम कडक आहे, आणि पूर्वेकडच्या कमी पावसाच्या गावांनी तो पाळला आहे. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. रुंद रस्ता आणि चालणाऱ्यांसाठी कडेची वाट ही सोय हवीच होती. जुन्या रस्त्यावरची झाडे गेली, हे नुकसानही खरे आहे. विसाव्याला सावली शोधताना ते जाणवते.

वारीचे वीस दिवस सोडले तर उरलेले वर्ष माळकरी आपल्या गावातच काढतो, आणि तिथला नेम जास्त एकटा असतो. गावची जत्रा झाली की मटणाचा बेत घरोघर असतो. पाहुणे येतात, भाऊ आग्रह करतो, निवडणुकीच्या दिवसांत जेवणावळी उठतात. माळकऱ्याला अशा पंगतीत बसून भाजीभाकरी मागावी लागते. तो उपदेश करू लागला तर पाहुणे दुखावतात, आणि लपवू लागला तर नेम ढिला होतो. चांगले माळकरी यात एक सहजपणा कमावतात: ताट वेगळे वाढून घ्यायचे, दुसऱ्याच्या ताटाकडे न पाहता गप्पांत सामील व्हायचे, आणि विषय निघाला तर ‘माळ आहे’ एवढे दोन शब्द बोलायचे. पाचसहा वर्षांत लोक आग्रह सोडतात. पुढे तर यजमानीणच आधी विचारते की तुमच्यासाठी काय करू. साखर कारखान्यात किंवा औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्यांनाही असाच वेळ द्यावा लागतो. आषाढातली रजा सुरुवातीला मागावी लागते. काही वर्षे ती रजा कधीच दुसऱ्या कारणासाठी वापरली नाही की मुकादम स्वतः ती धरून पाळ्या लावतो.

संप्रदायाच्या तत्त्वांची गोष्ट सांगताना एका मोठ्या उणिवेकडे पाठ फिरवता येत नाही. वैष्णवांमध्ये उच्चनीच नाही, असे शतकानुशतके गायले गेले. पण पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना बंद होते आणि चोखामेळ्याची समाधी महाद्वाराबाहेरच राहिली. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू केले आणि १० मे रोजी मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले. त्यांना विरोध करणाऱ्यांतही रूढी म्हणजेच धर्म असे प्रामाणिकपणे मानणारी माणसे होती. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात आपल्या वारीचा अनुभव लिहिला, तेव्हा एकाच वाटेने चालणारे ब्राह्मण आणि मराठे वारकरी जेवायला वेगळे बसतात, याचे दुःख त्यांनी नोंदवले. एकादशी चुकली तर पुढच्या पंधरवड्यात भरून काढता येते. समतेचे तत्त्व मात्र एकेकट्याच्या नेमाने पाळले जात नाही. ते पंगतीत, दाराशी आणि दिंडीच्या क्रमात पाळावे लागते, आणि तिथे संप्रदायाला फार उशीर झाला. आजही काही दिंड्यांत हे काम अपुरे आहे, आणि ते पुरे करणे हा वारीच्याच नेमाचा भाग आहे.

२०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला नेण्यात आल्या आणि १ जुलैची आषाढी एकादशी मोजक्या माणसांच्या उपस्थितीत पार पडली. २०२१ मध्येही पादुका बसनेच गेल्या. ज्यांनी कधी वारी चुकवली नव्हती त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या: हट्टाने निघायचे, किंवा घरी राहायचे. सोहळ्याच्या प्रमुखांनी आणि फडांनी घरी राहण्याचा निर्णय मानला, आणि बहुतेक वारकऱ्यांनी तो पाळला. अनेक घरांत पालखीच्या मुक्कामांप्रमाणे रोजचे भजन झाले. आज पालखी बारामतीत असती, आज सणसरला, असे म्हणत त्या त्या दिवसाचा हरिपाठ म्हटला गेला. चालणे हे वारीचे अंग आहे, तरी दुसऱ्याच्या जिवाला धोका होणार असेल तर पाय आवरणे हेही निष्ठेतच येते, हा विवेक त्या दोन वर्षांत दिसला. २०२२ ला पायी सोहळा पुन्हा निघाला.

वयाने पाय थकले की वारी घरातल्या दुसऱ्याकडे जाते. बाप मुलाला आपल्या ओळीत, आपल्या जागेवर उभा करतो. कधी सासू सुनेला आपली तुळस देते. पहिल्या वर्षी नवा माणूस बापाच्या नावाने ओळखला जातो, त्याला टाळ जमत नाही, पाठांतर नसते. शेजारचे टाळकरी त्याला सांभाळून घेतात, कारण त्यांनाही कोणीतरी असेच सांभाळले होते. ज्या घरात हे होत नाही तिथे वारी खंडते. शहरात नोकरी करणाऱ्या मुलांच्या घरांत हे वाढले आहे. काही जण निम्मी वाट चालतात, काही फक्त बारामती ते इंदापूर, काही पंढरपूरजवळच्या वाखरीपासून पुढे. जुन्या वारकऱ्यांना हे कमी वाटते. तरीही तुटलेला धागा दोन मुक्कामांनी जोडून ठेवणे हे तो सोडून देण्यापेक्षा पुष्कळ बरे.

आषाढी एकादशीला चंद्रभागेचे स्नान आणि नगरप्रदक्षिणा होते, पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो. त्यानंतर बहुतेक माणसे एसटीने आणि टेम्पोने घरी परततात. शेते वाट पाहत असतात. पादुका मात्र पायीच परत जातात. या परतवारीला थोडेच वारकरी असतात. मुक्काम कमी असतात आणि रोजची चाल लांब पडते, कमानी उतरवलेल्या असतात, फुकट चहाची टेबले नसतात, आणि इंदापूर-बारामतीचा रस्ता पुन्हा ट्रॅक्टरांचा आणि दुधाच्या गाड्यांचा झालेला असतो. तरी पताका पुढे, वीणा मागे आणि दुपारी हरिपाठ हा क्रम जाताना होता तसाच राहतो, आणि रस्त्याकडेच्या गावांतली जुनी माळकरी घरे त्या मोजक्या माणसांना भाकरी आणि झोपायला ओसरी देतात.